सुगंधाच्या नावावरचा लाल ठिपका

स्क्रीनवर लाल ठिपका उमटला तेव्हा निखिल 'विविधता' या शब्दावर होता. स्लाइडवर फेटेवाला शेतकरी, साडीतली बाई आणि व्हीलचेअरवरचा तरुण असे तिघे एकाच लॅपटॉपकडे बघून हसत होते. लॅपटॉपकडे बघून इतकं हसणारी माणसं मी रत्नागिरीत अजून पाहिलेली नाहीत.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. म्हणजे माणसांशी बोलते, गोळ्या देत नाही. त्यामुळे गावांत माझा मान कंपाउंडरच्या जरा खाली. निखिल पुण्याच्या एका कंपनीचा. त्यांनी मन सांभाळणारं ॲप काढलं होतं आणि ते खेड्यात चालतं का, यावर आमच्याबरोबर संशोधन चाललं होतं. ॲपमध्ये एक कासव होतं. स्थानिक टच म्हणून. ते रोज विचारायचं, 'आज कसं वाटतंय?' झोप, भूक, कोणाशी बोललात का, यावर टिक करायची. खाली दोन ओळी लिहायची सोय.

असं ॲप आधीच्या माणसांची उत्तरं वाचून शिकतं. त्या साठ्याला ट्रेनिंग डेटा म्हणतात. त्यात तऱ्हेतऱ्हेची माणसं नसली, तर ते एकाच आळीत वाढलेल्या मुलासारखं होतं. आळी संपली की रस्ता चुकतं.

"आमच्याकडे भरपूर विविधता आहे, मॅडम," निखिलने सकाळीच सांगितलं होतं. "पुणं आहे. पिंपरीसुद्धा आहे."

लाल ठिपका म्हणजे जिवाला धोका असू शकतो. नाव होतं सुगंधा जाधव, संगमेश्वर तालुक्यातलं आतलं गाव. सासू गेल्यावर झोप लागत नाही म्हणून ती कंपनीच्या कॅम्पला आली होती, तिथेच फॉर्म भरून, तिने दिलेल्या नंबरवर ॲप पाठवलं गेलं. मी तिची उत्तरं उघडली. रात्रभर जाग. दिवसा तुटक झोप. बोलणं कोणाशीच नाही. आणि आजची ओळ: 'माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही.'

अशी ओळ वाचली की स्लाइड बंद करायची असते. दिलेला नंबर लावला, कोणी उचलला नाही. मी जीप मागवली.

"मीपण येतो," निखिल ट्रायपॉड उचलत म्हणाला. "ॲपने जीव वाचवला. केस स्टडी होईल."

"आधी जीव वाचू दे."

सुगंधा शेतात विळ्याने भात कापत होती. आम्हाला बघून कंबर सरळ केली, पदराने तोंड पुसलं.

"बाई, कोन तुम्ही? एवढ्या उन्हाच्या? चला, घोटभर चाय घ्या."

मी कोण ते सांगून तिला बांधावर बसवलं. झोप कशी आहे, विचारलं.

"झोप? आठाला पाठ टेकली की मेलेलं मानूस. सासू गेली तेव्हा नव्हती लागत. आता कापनी लागलीय, जागायला येळ कुनाला हाय?"

"पण ॲपवर तर..." निखिल पुढे सरसावला.

"कसला ॲप?" तिने कमरेचा बटणांचा फोन काढला. "ह्याच्यात बसतो?"

"मग कॅम्पमध्ये कुठला नंबर दिलात?"

"ह्यांचा." तिने निखिलकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "आमचा कुठचा पन नंबर ह्यांचाच असतो. ग्यास म्हना, ब्यांक म्हना, पोरांची शाळा म्हना."

हे मला ठाऊक असायला हवं होतं असं नाही, ते मला ठाऊक होतंच. या गावांत घरचा नंबर म्हणजे मुंबईला असलेल्या नवऱ्याचा नंबर. रिचार्ज तोच मारतो, ओटीपी त्यालाच जातो. पण कॅम्प कंपनीचा, फॉर्म कंपनीचा, आणि पिंपरीत प्रत्येकाचा नंबर स्वतःचा असतो.

"हे काय करतात मुंबईला?" मी विचारलं.

"वाचमन. रातपाळी."

रात्रभर जाग, दिवसा तुटक झोप: ती उत्तरं याची होती. निखिल अजून विचारात होता. सुगंधाला विचार करावा लागला नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने न सांगता फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

तिचा नवरा मिलिंद झोपेतून उठला होता. मी कोण ते सांगितलं. तो घाबरला.

"चूक झाली, मॅडम. पहिले काही दिवस तिला विचारूनच भरत होतो. मग... ते कासव रोज विचारायचं, आज कसं वाटतंय. तसं विचारणारं दुसरं कोण नाय इथे."

आमच्या धंद्यात पुढचा प्रश्न आडवळणाने विचारत नाहीत. मी सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?"

"येतं," तो म्हणाला.

खोलीत गाववाला कोणी आहे का, विचारलं. होता, शेजारीच झोपलेला. त्याला उठवून सांगितलं की मिलिंदला एकटं सोडायचं नाही आणि स्वतः गाडीत बसवून गावी आणायचं. इतक्यात सुगंधाने फोन काढून घेतला. आम्ही काय वाचून आलो, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

"अवो, ऐकताव काय? घरी या. हितं भात उभा हाय नि कापायला मानूस नाय. तुमच्यावाचून अडलंय सगळं."

इतकं नेमकं वाक्य मला कोणत्याच कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

परतताना निखिल खिन्न होता. "मॅडम, हा पार्टिसिपंट इनव्हॅलिड आहे. आपल्या सॅम्पलमध्ये फक्त ग्रामीण महिला आहेत."

"अलर्ट खरा होता, निखिल."

"हो, पण चुकीच्या माणसाचा."

"बरोबर माणसाचाच. नाव चुकीचं होतं."

"रेकॉर्ड काढावं लागेल. त्याचं ॲपही बंद होईल."

"काढ. पेशंट माझ्याकडे राहील."

दुसऱ्या दिवशी मिलिंद आला. औषधं सिव्हिलमधून सुरू झाली, बोलणं माझ्याकडे. भात कापून झालं, झोडून झालं, तरी तो परत गेला नाही. आता जयगडला एका गेटवर असतो, दिवसपाळीला. मला अधूनमधून फोन करून विचारतो, "मॅडम, आज कसं वाटतंय?"

संशोधनाच्या अहवालात तो नाही. डेटा साफ करताना गेला. एका माणसाला खरोखर उपयोग झाला होता, तो असा हिशेबाबाहेर राहिला. मी मात्र आता कोणाचंही नाव लिहिण्याआधी विचारते, हा फोन असतो कोणाच्या हातात? विविधतेबद्दल मला एवढंच शिकायला मिळालं आणि त्याला स्लाइड लागत नाही.

निखिलच्या स्लाइडवर आता लॅपटॉपवाल्या तिघांऐवजी सुगंधा आहे. फोटो तिला विचारून, बांधावरच काढलेला. खाली लिहिलंय, 'आमची समाधानी युजर'. मी तिला तो दाखवला. तिने फोन जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"बरा आलाय," ती म्हणाली. "पन हातातला इळा का कापलानी?"