गुनवोरचा हँडब्रेक

बर्फ पडायच्या आत ओस्टरसुंडची गुनवोर म्हातारी आपली लाल स्पोर्ट्स कार वसंतापर्यंत गॅरेजात निजवते. यंदा खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तरी काठी टेकत तिने, आत गंज धरू नये म्हणून, पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून आणली आणि उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली.

मुलगा स्टेलन दारातूनच म्हणाला, "आई, ऐंशी उलटली. आता विकून टाक ना."

"तू हो बाजूला. उजेड अडवतोयस."

"बरं, निदान हँडब्रेक तरी ओढ."

"हिवाळाभर ओढून ठेवला की चिकटून बसतो, मग गाडी जागची हलत नाही. तुझ्या बापाने निवृत्तीनंतर तेच केलं, खुर्चीतून उठलाच नाही."

तिने बॅटरी सोडवली. "ही स्वयंपाकघरात उबेला नेऊन ठेव, थंडीत मरते. आणि एप्रिलात परत आणून द्यायलाही तूच यायचं."