राळेची पुरचुंडी

माझी आई बनाबाई कशाला भीत नव्हती ते विचारा, म्हणजे उत्तर लवकर संपेल. गिरणीचा भोंगा झाला की ती दचकायची, आणि कामाला तर ती त्याच गिरणीत. आगगाडीला भ्यायची, पोलिसाला भ्यायची, विहिरीत वाकून कधी बघायची नाही. मला तिचा राग यायचा. पण उंचीची तिची भीती उगाच नव्हती. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे धनगर. वडील शेरडांसाठी बाभळीचा पाला तोडायला झाडावर चढले, फांदीवरचा हात निसटला आणि ते खाली दगडावर आले. पुन्हा उठले नाहीत. आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन सोलापुरात आली. इथे झाडं कमी आहेत, एवढंच तिला बरं वाटलं असावं.

आणि तिच्याच पोटचा धुळाप्पा, माझा थोरला भाऊ, कशाच्या नादी लागला? मल्लखांबाच्या. तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट.

तालमीत जमिनीत पुरलेला सागवानी खांब, माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेला. त्याला मांडीचा विळखा घालायचा आणि हात सोडून उलटं लटकायचं. धुळा अंगाने काटक, पण त्याच्या तळव्यांना आणि मांड्यांना बघता बघता घाम फुटायचा. एकदा तो तसाच घसरून कानशिलावर आपटला. वस्ताद चनबसप्पा त्याला म्हणाले, "अंग चांगलं हाय तुजं, पन कातडी पकडत न्हाय. घामाचं कायतरी बघ, न्हायतर मान मोडून घेशील."

हे त्याने घरी हसत सांगितलं. आईने भाकरी तशीच ताटात टाकली.

"सोड त्यो खांब," ती म्हणाली.

"न्हाय सोडत."

त्या रात्री ती झोपली नाही. पोराला अडवता येईना, तेव्हा तिने घामाला अडवायचं मनावर घेतलं. आधी चुलीची राख झाली. शेजारच्या सावित्रम्मा साळ्यांच्या, त्यांनी सुताला लावायची खळ वाटीभर दिली. ती अंगावर वाळली की तडकायची आणि धुळाच्या मांड्यांवरून पापडासारखी गळायची. सावित्रम्मा पदर तोंडाला लावून हसत होत्या, आई मात्र रडकुंडीला आलेली. मग तिने बाभळीची साल उकळली आणि त्यात तुरटी टाकली. ज्या झाडाने नवरा नेला त्याचीच साल ती आणायची, आणि सोलताना मान वर करून झाडाकडे बघायची नाही. त्या काढ्याने तळवे काळपट झाले, पण कातडी आवळून आली. वर राळ, म्हणजे झाडाचा वाळलेला चिकट डिंक, कुटून वस्त्रगाळ करून तिने पुरचुंडी बांधून दिली. चढताना तळव्यांवर आणि मांडीला थापायची. राळेने काम केलं. धुळाची पकड बसली.

"ह्यो घाम त्यांच्या घराण्याचा," ती पुन्हा पुन्हा म्हणायची. वडिलांचा हातही घामानेच निसटला, याबद्दल तिला शंका नव्हती.

वस्तादांनी श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी खेळ ठेवले आणि पहिली सलामी धुळाला दिली. त्याने आईला एवढंच बजावलं, "तू येऊ नगंस तिकडं. तुजं भ्यालेलं त्वांड दिसलं की मला घाम फुटतो. मग राळबी कामाची न्हाय." आईने त्याच्या गळ्याची शपथ घेतली.

त्या दिवशी सकाळीच ती करडईच्या तेलाची वाटी घेऊन तालमीतल्या मारुतीला गेली. आली ती चक्क हसत. मला वाटलं, चला, एक दिवस तरी सुखाचा जाईल.

दुपारी ती मोरीवर बसून तीच वाटी घासत होती. राख लावूनही वाटी हातातून सटकली. तिने उचलली, पुन्हा सटकली. आई वाटीकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा असा उतरला की मी हातातलं काम टाकून धावले.

"आगं, मारुतीपुढं बापयांची दाटी हुती," ती म्हणाली. "खांब भाईर अंगणात, शेंदूर लावलेला, रुईची माळ घातलेली. त्योबी मारुतीच की. म्या त्याच्यावरच समदं त्याल वतलं. हात पुरंल तितनं."

तिचा हात पुरतो तिथेच मांडीची पकड बसते. मल्लखांबाला एरंडेल चोळतातच, त्यामुळे खांब चकाकताना बघून कुणाला नवल वाटणार नव्हतं. पण एरंडेल चिकट असतं. करडईचं पाण्यासारखं पातळ.

हलगी लांबून ऐकू येत होती. आई अनवाणी पळत सुटली आणि तिच्या मागे मी. गर्दी दिसली तशी ती थबकली. सगळे पुरुष. ती बाजारात सुद्धा भिंतीकडेने चालणारी बाई. मला वाटलं, आता ही मलाच पुढे ढकलणार. पण तिने पदर कमरेला खोचला आणि लोकांच्या कोपरांखालून आत घुसली.

धुळा लंगोट कसून खांबाच्या पाया पडत होता. तो उठायच्या आत आईने खांबाला मिठी मारली.

हलगी बंद पडली. कुणी हसलं, कुणी शिवी दिली. वस्ताद ओरडले, "बाई, बाजूला व्हा! खांबाला शिवता व्हय?"

"त्याल," आई धापा टाकत म्हणाली. "म्या घातलंया त्याल. करडईचं. माजा ल्योक पडंल."

वस्तादांनी खांबावरून तळवा फिरवला आणि बोटं एकमेकांवर घासून बघितली. मग त्यांनी गोणपाट आणि राख मागवली. खांब घासून होईपर्यंत कुणी हललं नाही. मी धुळाकडे बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. माझा भाऊ भिऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आई परत निघाली. "म्या जाते. म्या असले की तुला घाम येतो."

धुळाने तिचा हात धरून तिला थांबवलं, आणि धरलेला हात तसाच उलटा करून बघितला. तळव्यातून पाणी ठिबकत होतं. त्याने आपला तळवा शेजारी धरला. तोही तसाच.

"आये," तो म्हणाला, "ह्यो घाम तुजाच हाय की."

आईने मान खाली घातली. इतकी वर्षं तिने मेलेल्या माणसाच्या घराण्याला नावं ठेवली होती.

धुळाने लंगोटाला खोचलेली राळेची पुरचुंडी सोडली. आधी आईच्या दोन्ही तळव्यांवर राळ थापली, मग स्वतःच्या. "बस हितं," तो म्हणाला. "कुटं जाऊ नगंस."

हलगी पुन्हा सुरू झाली. आईची सवय अशी की भीती वाटली की दोन्ही हात डोळ्यांवर. तिने हात उचलले, आणि राळ डोळ्यांत जाईल म्हणून तसेच हवेत धरले. नुसते डोळे मिटावेत हे तिला सुचलंच नाही. त्यामुळे तिने सगळं बघितलं. धुळा वर गेला, मांडीचा विळखा बसला, आणि तो उलटा झाला. मग त्याने हात सोडले. आईच्या घशातून आवाज निघाला, पण ती जागची हलली नाही. धुळाने खाली डोकं, वर पाय अशा स्थितीत हात जोडून मारुतीला नमस्कार केला. बघितलं तर आईचेही हात जोडलेले होते.

तो उतरून तिच्यापुढे आला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "घाम आला का रं?"

"आला की. तुला?"

आईने दोन्ही तळवे उघडून दाखवले. राळेचा चिखल झाला होता.