बरकतीचं पाणी

आमच्या गावची आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्य कार्यकर्ती, कडूबाई बोलायला लागली की ऐकणाऱ्यानं आधी बूड टेकून घ्यावं. मी दूध सोसायटीचा सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ सारा गाव माझ्याकडे दूध घालायला येतो, म्हणून तिनं भाषणासाठी माझीच ओसरी निवडली होती. मी वैतागायचो, पण तिला त्याचं काही नव्हतं.

सोळा सालचा उन्हाळा होता. टँकर नवव्या दिवशी यायचा, त्यामुळे घरोघरी रांजण आणि टिपाडं भरून ठेवलेली. कडूबाईचं सांगणं एकच: डेंग्यूचा डास गटारात नाही, या साठवलेल्या चांगल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून राहतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतात. तेव्हा टँकरच्या दिवशी तळाचं पाणी कापडातून गाळून म्हशीला पाजा, रांजण आतून घासून वाळवा, मगच भरा आणि तोंड कापडानं बांधा.

बायका मान डोलवायच्या आणि घरी जाऊन तळाशी चार बोटं पाणी ठेवूनच वर नवं ओतायच्या. आमच्याकडे रांजण कधी रिकामा करत नाहीत. तळाचं ते बरकतीचं पाणी. ते उपसलं की घराची बरकत गेली असं मानतात. त्यात दुष्काळ. माझाही रांजण कधी कोरडा झाला नव्हता, खोटं कशाला बोलू?

एप्रिलात कडूबाईची सहा वर्षांची नात सरू तापली. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणून रडायला लागली. कडूबाईनं वेळ न घालवता तिला बीडला दवाखान्यात नेलं. डेंग्यूच निघाला, रक्तातल्या पेशी उतरत चालल्या होत्या. पोरगी वाचते की नाही, याची सगळ्यांना धास्ती. तरी काही जण हसलेच, की गावाला शिकवणारीच्या घरात डेंग्यू. मला त्या हसण्याचा फार राग आला होता.

पाचव्या दिवशी पेशी वाढायला लागल्या. सरूजवळ तिची आई थांबली आणि कडूबाई कपडे न्यायला गावात आली. तो नेमका टँकरचा दिवस होता. दूध घालायच्या वेळी ती काचेची बरणी घेऊन ओसरीवर आली. बरणीतल्या पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. कुणाच्या घरचं पाणी, असं कुणीतरी विचारलं.

"माझ्या घरचं हाय," ती म्हणाली. "सासूबाईंचं मन मोडवंना म्हून मी बरकत राखली. तुमाला सांगत फिरले आन् सोताच्या घरात बोलले न्हाई. चूक माझी हाय."

तिची सासू बायडाबाई गर्दीतच होती. म्हातारीनं बरणी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिली, खाली ठेवली आणि तडक घरी गेली. मागोमाग आम्ही पोचलो तोवर रांजण अंगणात उपडा झाला होता.

नेमका त्या दिवशी टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी.नं सरू घरी आली, तेव्हा घरात तिला प्यायलाही घोटभर पाणी नव्हतं. कडूबाई मान खाली घालून बसली होती. पण म्हातारीनं ना दोष दिला, ना बरकतीचं नाव काढलं.

थोड्या वेळानं एकेक बाई आपापल्या रांजणातल्या तळाच्या पाण्याची घागर घेऊन यायला लागली. मीही एक घागर डोक्यावर घेऊन गेलो. बायडाबाई घासून वाळवलेल्या रांजणापाशी बसली होती आणि प्रत्येकीला ओतायच्या आधी अडवत होती. माझी पाळी आली.

"गाळून आनलंस का, उत्तरेश्वर?"

मी गाळलं नव्हतं. घागर उचलली आणि गाळून आणायला घरी परत निघालो.