चंदेरी दगडांना लसणाचा वास

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा शंकर नगरात रोज नवा बोर्ड लागून राहिला होता. इकडं कारखान्यांच्या भनपुरीत आम्ही होतो तसेच होतो. मी तिथल्या एका गोदामाचा मुकादम. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या हुकमाशिवाय त्या गोदामातून एक गोणी हलत नव्हती. हे आजही छाती ठोकून सांगतो.

आमचा माल म्हणजे फेरोसिलिकॉन. पोलाद गाळताना घालतात. दिसायले चंदेरी दगड. इतकी वर्षं तो इथल्याच कारखान्यांत जायचा, वरून ताडपत्री ओढली की झालं. त्या हिवाळ्यात मालकानं पहिल्यांदा समुद्रापारचा सौदा केला. माल ट्रकनं विशाखापट्टणमला जाणार, तिथून जहाजात. ट्रकवर ड्रायव्हर माझा जावई.

त्याच दिवसांत गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात मले लसणाचा वास आला. नुकताच ठेचलेला, ओला लसूण. भर दुपारची वेळ, जेवत कोणी नव्हतं, जवळ हॉटेल नव्हतं. माझ्या बायकोले जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती पाट्यावर लसूण-मिरची वाटायची तेव्हा गल्लीत शिरताच असा वास यायचा. मी गोण्यांच्या मधात जाऊन बसलो. डोकं जड झालं, डोळे मिटायले लागले, पण बरं वाटून राहिलं होतं. गोण्यांमागून बारीक सूं-सूं येत होतं, कोणी दातांतून श्वास ओढावा तसं.

"आलीस काय?" मी विचारलं.

आवाज थांबला नाही. वाढलाही नाही.

मग मी रोज तिथं जाऊन बसायचो. हमाल त्या बाजूले फिरकत नव्हते. एकानं तर सरळ सांगितलं, "ओती कोनो बइठे हे, मुकादम." तिकडं कोणीतरी बसलंय म्हणे. मी त्याले झापलं. मनात मात्र म्हटलं, याले बी कळलं.

जहाजाच्या कागदपत्रांसाठी मालकानं शंकर नगरातल्या एका ऑफिसातून एक पोरगी बोलावली. आपलीच मराठी, बाप रेल्वेत. समजायचं सगळं, बोलायची हिंदीत.

"काका, ये माल पानी से बचा के रखा है ना?"

"दगड हाय तो, पोरी. दगडाले काय सर्दी होते?"

"इसको होती है," ती हसली. मग समजावून सांगू लागली. सिलिकॉन शंभरात तीसपेक्षा कमी, नाहीतर नव्वदच्या वर असलं, तर जहाजासाठी तो साधा माल. मधात असलं तर धोक्याचा. ओल लागली की त्यातून विषारी हवा निघते. आमचा माल मधातलाच होता. म्हणून निळं तिरपं लेबल लागणार, गोण्या कोरड्या पाहिजेत, हवा खेळती पाहिजे, माणसं झोपतात तिथून माल लांब पाहिजे.

"अन् आपल्या सडकेवर?"

"सड़क पर कौन पूछता है, काका? जहाज़वाले पूछेंगे."

मग कागदातून डोकं वर न काढता तिनं विचारलं, "लहसुन जैसी बास तो नहीं आती यहाँ?"

त्या वासाचं मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

"काहून विचारतेस?"

"वही तो है वो गैस."

"नाही येत," मी म्हटलं. ती माझ्याकडं पाहत राहिली. मी हमालांवर ओरडायले निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी हमाल ट्रक भरून राहिले होते. मागच्या कोपऱ्यातल्या गोण्याही चढल्या. जावई ताडपत्री ओढता ओढता बोलला, "मामाजी, घाटात लय थंडी असते. क्लीनर केबिनमधी झोपतो, मी ताडपत्रीखाली गोण्यांवर. या गोण्या तर आधीच गरम आहेत. अन् चटनी की बास मुफ्त में!"

मी एका गोणीखाली हात घातला. खालचा भाग ओला होता अन् गरम. झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखा गरम.

"उतर खाली," मी म्हटलं.

"क्या हुआ?"

"उतर म्हणतो ना! सगळा माल उतरवा. शटर उघडा, दोन्ही."

मालक धावत आला. "जहाज़ छूट जाएगा! पागल हो गए क्या, मुकादम?"

"जहाज तुमचं हाय, शेठ. पोट्टी माझी हाय. हा माल जिथं बांधला, तिथं तिचा नवरा झोपणार नाही."

ती पोरगी दारात उभी होती. "काका, बास आती है?"

मी खालमानेनं म्हटलं, "येते."

मागच्या भिंतीतून शेजारच्या टाकीचं पाणी झिरपत होतं, हे तेव्हा दिसलं. ओल्या गोण्या बाहेर मैदानात काढल्या. कोरड्या मालावर निळी लेबलं लावून ट्रक उशिरा निघाला. जावयाकडून केबिनमध्येच झोपायची शपथ घेतली, पोट्टीच्या डोक्याची.

भिंत दुरुस्त झाली. हमाल त्या कोपऱ्यात आता गाणी म्हणत जायचे. मी गेलो नाही. जावयापुरतं मी त्या पोरीचं ऐकलं. पण तिथं माझ्याजवळ कोण बसत होतं, ते मी तिले विचारलं नाही, अन् विचारणारही नाही.