जावयाने बसवलेला गुडघा

आईच्या गुडघ्यांची झीज झाली होती, डाव्याची जास्त. येडगावातल्या घरापासून मळ्यापर्यंतचा चढ तिला जमेनासा झाला, तेव्हा शस्त्रक्रियेचं ठरलं. गुडघा बदलता येतो हे गावात नुकतं कानावर येऊ लागलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. आईचं म्हणणं एवढंच होतं, मळ्यात आपल्या पायांनी जाता आलं पाहिजे.

डॉक्टर शोधावा लागला नाही. चुलतबहिणीचा नवरा हाडांचा डॉक्टर होता. शिक्षण संपवून पुण्यात नुकताच स्वतंत्र काम करू लागला होता. त्याने असे किती गुडघे बदललेत ते विचारू, असं मी म्हणालो.

"जावयाला असलं इचारत्यात व्हय?" आई म्हणाली. "उद्या त्याला पोरगी दिलीच कशाला, असंबी इचारशील."

शेजारी बसलेला चुलता हसला. विषय संपला.

ऑपरेशन जावयानेच केलं. जखम भरली, दुखणं गेलं नाही. चालताना डावा पाय गुडघ्यात बाहेर झुकायचा. पुढच्या वर्षी मी तिला पुण्यातल्या एका वयस्कर सर्जनकडे नेलं. त्यांनी खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढून त्यावर पट्टीने रेघ ओढली. ती गुडघ्याच्या मध्यातून जायला हवी होती. आतल्या कडेवरून गेली. नडगीच्या हाडाचा काप तिरका झाला होता, म्हणून सांधा कलता बसला होता.

"सुरुवातीच्या ऑपरेशनांत नजर बसलेली नसते," ते म्हणाले. भार एकाच बाजूला पडून सांधा लवकर झिजेल. पुन्हा बदललेला बरा.

एसटीने परत निघालो. नारायणगाव आल्यावर आई म्हणाली, "परत केलं का गावभर व्हईल, जावयानं पाय बिघडवला म्हणून. पोरीला नांदायचंय तिथं."

"आणि तुझं काय?"

"माझं काय ऱ्हायलंय?"

पुढे हातात काठी आली. एका दिवाळीला जावई आला. तोवर त्याचं नाव झालं होतं. लोक लांबून त्याच्याकडे येत. चहा घेऊन येणाऱ्या आईच्या पायाकडे तो बघत राहिला.

"काकू, एकदा पायाचा एक्स-रे काढू. मी परत करून देतो."

"नको, पावणं. लई बेस हाय. तुमी चिवडा घ्या."

त्याने बशी उचलली.

त्याची गाडी वळेपर्यंत आई दारात ताठ उभी होती. मग भिंत धरत आत आली आणि मला म्हणाली, "मळा यंदापास्नं कुणाला तरी वाट्यानं कसायला देऊन टाक."