गोधड्यांनी उपसलेली विहीर

एम.एस्सी.चा प्रकल्प गटात करणार की एकटी, असं सरांनी विचारलं तेव्हा मी घाईने "एकटी" म्हटलं. गटात बोलावं लागतं. विहिरीशी बोलावं लागत नाही.

कोंडाणे लेण्यांच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याची एक विहीर मी निवडली. पाऊस संपल्यापासून दर महिन्याला कर्जतहून रिक्षाने जायचं, वजन बांधलेली टेप आत सोडायची, पाणी किती खाली गेलं ते लिहायचं. काळ्या खडकातलं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी कुठवर उतरतं, एवढाच माझा प्रश्न होता. मेचा आकडा शेवटचा. तो हुकला असता तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं असतं.

विहिरीशेजारच्या घरातल्या काकू दर वेळी चहा द्यायच्या. "काय बघतेस गं बाय एवढं वाकून?" म्हणून विचारायच्या. खडकांबद्दल मी जे काही शिकले ते सगळं इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर आधी मनात वाक्य जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत चहा संपे. मी नुसतं "पाणी" म्हणायचे. टेप वाचताना उन्हाने माझ्या कपाळावर आठ्या पडत. त्या मात्र काकू नीट बघत होत्या.

मेमध्ये गेले, तर पाणी मार्चइतकं वर. मी पुन्हा टेप सोडली. तेच.

"बघ, किती चढलं!" काकू खुशीत होत्या. त्यांचा भाचा कळंबच्या रिसॉर्टांना टँकरने पाणी पोचवतो. "त्याला म्हटलं, एक गाडी हितं वत रं. पाणी उतरतंय तसं पोरीचं मार्क दर महिन्याला खाली चाललेत. तोंड बघवत नाय तिचं."

मी कठड्यावर बसले. मग न जुळवताच ओरडले, "काकू, मला पाणी खालीच हवं होतं! खाली गेलं तरच माझं काम पूर्ण होणार!"

पाणी भरणाऱ्या बायका थांबल्या. एक आजी म्हणाली, "मंग इतके दिस मुकी व्हतीस काय?"

काकूंनी पदर खोचला. "पावसाच्या आधी गोधड्या धुवायच्याच हायत. काढा गं सगळ्यांनी!"

घराघरांतून गोधड्या निघाल्या. दोन दोर विहिरीत पडले. "म्याडम, बघत काय राहिलीस? वढ!" म्हणत आजीने एक माझ्या हातात दिला. तळहात सोलवटले. बायका धोपटत होत्या, माझ्या दोर ओढण्याला हसत होत्या, आणि मीही हसत होते. संध्याकाळी सगळ्या कुंपणांवर गोधड्या निथळत होत्या. रात्री मी काकूंकडेच राहिले. सकाळी टेप सोडेपर्यंत त्यांनी कोणाला विहिरीला हात लावू दिला नाही.

"गेलं का खाली?"

"गेलं, काकू. एप्रिलपेक्षाही खाली."

टँकर आणि गोधड्या, दोन्हींबद्दल मी प्रबंधात लिहिलं. सरांनी ते वाचून हसू दाबलं, पण खोडलं नाही.

पास झाल्याचं सांगायला पेढे घेऊन गेले, तेव्हा भर पावसाळा होता. विहीर काठोकाठ भरलेली. काकूंनी पेढा तोंडात टाकला, आत वाकून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आता नापास झालीस बघ."