आधी उचलायचा मान

माझ्या शेजारच्या दुकानात तो सायकली दुरुस्त करतो. पाच थोरल्या भावांच्या उतरलेल्या सदऱ्यांत वाढलेला. पन्नाशीला आला तरी घरात 'लहान्या'च. चहा आला की सगळ्यांचे उचलून झाल्यावर उरलेला कप घेतो. "मले उरलेला चालते," म्हणतो.

या भावांच्या शेताच्या वाटणीला मी पंच होतो. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने हवा तो आधी उचलायचा, ही आमच्याकडची रीत. तो विहिरीच्या वाट्याकडे निघाला.

थोरला खाकरला. "पाहून उचल बे, लहान्या."

त्याचे पाय थबकले.

"कप उरलेला चालते, भाऊ," तो म्हणाला, "वावर नाही." आणि तो विहिरीच्या काठावर जाऊन बसला.

परवा दुकानात चहा आला. त्याने आधी उचलावा म्हणून मी थांबलो. तोही थांबला. चहा निवून गेला.